हयात सहा

चर्चच्या फाटकाजवळच्या दगडावर अकरा नावं आहेत.
ओबेड क्रॅनिस सातवा.
आडनावातलं एक अक्षर पाथरवटानं खाल्लं,
ते अजून कुणी भरून दिलेलं नाही.

निवृत्त झाल्यापासून मी ही माणसं शोधतोय,
जिल्ह्याच्या दप्तरखान्यात, गुरुवारी,
कारण बस गुरुवारीच असते.

बाप जेब्ज. १८९१ला शेतमजूर,
१९०१ला घोड्यांचा गडी.
बढती एवढीच,
की पहाटे पाचला उठायचं ते आता चारला.
आई केझाया. लग्नाच्या नोंदीत
तिची सही म्हणजे एक फुली,
तिरपी, एक पाय लांब,
चालायला निघाल्यासारखी.

घर कालव्याच्या बांधाखाली, दोन खोल्यांचं.
इथली जमीन काळी, पाणी उपसलं तशी
वर्षाला बोट बोट खचत गेलेली.
घर वर राहिलं. दाराला एक पायरी लावली,
काही वर्षांनी आणखी एक.
ओबेडच्या मागे तिसरी.

१९११च्या शिरगणतीचा कागद
घरच्यांनीच भरायचा होता.
मुलं झाली किती, हयात किती, गेली किती.
जेब्जनं लिहिलं: नऊ, सहा, तीन.
इथवर ठीक.
पण खाली यादीत त्यानं नऊच्या नऊ मांडली.
थिर्झा. ओबेड, वय पंधरा, घोड्यांच्या हाताखाली.
जुळ्यातला एक. जुळ्यातला दुसरा.
घटसर्पानं गेलेली लेटिस, वय चार
(चार तेव्हाचं; असती तर अकरा).
गणतीवाल्यानं तीन ओळी लाल शाईनं खोडल्या.
पट्टी लावून. कुठंही हात हललेला नाही.

ओबेडची लष्करातली फाईल पुढच्या युद्धात जळाली,
त्यामुळे उंची ठाऊक नाही, डोळ्यांचा रंग नाही.
थिर्झाची नात म्हणाली,
तो एक विशिष्ट शिट्टी वाजवायचा
आणि घोडा लगेच मुतायचा.
घरात त्याचं एवढंच उरलंय.
मला वाजवून दाखवायला गेली,
पण तिच्या दातांची कवळी नवीन होती.

थकलेला पगार सात पौंड चार शिलिंग, आईच्या नावे.
पावतीवर तीच फुली, पण आता दोन्ही पाय सारखे.
थडग्यावर ओळ कोरायची तर अक्षराला साडेतीन पेन्स पडत.
थडगंच नाही, म्हणून तो खर्च वाचला.

पुढचं दप्तरात नाही.
माझे आजोबा या गावचे टपालवाले.
ती पाकिटं त्यांना न फोडता कळायची.
बाकीच्या घरी ते देऊन सरळ निघून येत,
पण केझायाला वाचता येत नव्हतं,
आणि जेब्ज संध्याकाळपर्यंत नांगरावर.
म्हणजे वाचायचं आजोबांनीच.

नऊ नोव्हेंबर, सतरा साल, शुक्रवार.
ती दारातच उभी, हाताला पीठ.
'आहे का काही आमचं?'
आजोबा म्हणाले, 'नाही.'
'बरं,' ती म्हणाली. 'गारठलास की रे.'
आणि चुलीतला भाजलेला बटाटा
त्यांच्या कोटाच्या खिशात टाकला,
हात शेकायला.
ते बांधावरून घरी आले,
एका खिशात बटाटा, दुसऱ्यात पाकीट.

नोकरी जाईल असा गुन्हा होता.
आजोबा गेल्यावर आजीनं सांगितला,
वाटाणे सोलता सोलता,
माझ्याकडं न बघता.

पाकिटावरच्या शिक्क्यात शुक्रवार आहे.
माझ्या वहीत 'घरी कळलं' या रकान्यात
मी शनिवार लिहिलाय.
त्या रात्री क्रॅनिसांच्या घरी
हयात सहाच होती.

बटाटा आजोबांनी खाल्ला की नाही,
ते आजीला विचारायचं राहिलं.